घरातलं फायकस: आधी जागा ठरवा, मग झाड आणा

फायकस घरी आलं की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पानं टाकतं. रोज सकाळी फरशीवर मूठभर पानं पडलेली दिसतात, आणि त्यातली बरीचशी हिरवीगार असतात. मग घरात धांदल उडते. कुणी कुंडी बदलतं, कुणी खत घालतं, कुणी पाणी वाढवतं. झाड हॉलमधून गॅलरीत आणि गॅलरीतून बेडरूममध्ये फिरत राहतं. अशी झाडं बहुतेक वेळा पानगळीने मरत नाहीत, या धावपळीने मरतात. जागा बदलली की पानं गाळायची आणि नव्या उजेडाला साजेशी नवी पानं काढायची, हा फायकसचा स्वभावच आहे. नवख्या माणसाने सगळ्यात जास्त विचार जागेचा करावा, आणि तोही झाड आणण्याआधी. पाणी, माती, खत या गोष्टी त्यामानाने सोप्या आहेत.

कोणतं घ्यायचं

फायकस या प्रजातीत आठशेहून जास्त जाती आहेत. आपले वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर त्यातलेच. त्यामुळे घरात फायकस आणलं की एखादी मावशी किंवा आजी 'वडा-पिंपळाच्या जातीचं झाड घरात नको गं' असं म्हणतेच. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी या म्हणण्यात व्यवहार आहे. या झाडांची मुळं भिंत फोडतात, हे प्रत्येक जुन्या वाड्यात दिसतं. कुंडीत मात्र मुळांना मर्यादा असते, तेव्हा काळजी नको.

नर्सरीत साधारण चार प्रकार मिळतात.

रबर प्लांट. जाड, चकचकीत, हातभर लांब पानं. हे मूळचं आपल्या ईशान्य भारताकडचं आणि आग्नेय आशियातलं झाड. मेघालयात खासी आणि जयंतिया लोक ओढ्यांवर जिवंत मुळांचे जे पूल घडवतात, ते याच झाडाच्या मुळांचे. टायरचं रबर मात्र याच्यापासून येत नाही, ते ब्राझीलकडच्या हेविया नावाच्या वेगळ्याच झाडाचं. पहिलंच झाड घेत असाल तर डोळे मिटून हे घ्या. कमी उजेड, विसरलेलं पाणी, धूळ, सगळं सोसतं.

बेंजामिना. बारीक टोकदार पानं आणि खाली झुकणाऱ्या नाजूक फांद्या. नर्सरीत नुसतं 'फायकस' मागितलं तर बहुधा हेच पुढे येतं. पांढऱ्या कडांच्या पानांचा 'स्टारलाइट'ही यातलाच. दिसायला सगळ्यात देखणं आणि पानं गाळण्यात सगळ्यात पुढे. या लेखातला बराचसा उपद्व्याप याच्यासाठीच आहे.

फिडल लीफ, म्हणजे लायराटा. व्हायोलिनच्या आकाराची मोठाली पानं. मूळ पश्चिम आफ्रिकेतलं. महाग असतं आणि उजेडही जास्त मागतं. फोटोत अंधाऱ्या कोपऱ्यात सोफ्याशेजारी उभं दिसतं, पण ते फोटोपुरतं.

चौथं नांदरूक. आपल्याकडे रस्त्यांच्या कडेला सावलीसाठी लावतात तेच. फुगीर मुळांचं छोटं 'बोन्साय' म्हणून जे विकतात ते बहुधा याचंच असतं, आणि गोल जाड पानांचा 'पांडा'ही याचाच प्रकार. काटक झाड आहे, पण त्याला ऊन हवं. टीपॉयवर ठेवलं की हळूहळू खंगतं. घरात पूर्वेची उघडी गॅलरी असेल तरच घ्या.

जागा

फायकसची काळजी शिकायला आपण व्हिडिओ पाहतो. ते बहुतेक युरोप-अमेरिकेतले असतात आणि त्यात हमखास एक सल्ला असतो: दक्षिणेच्या खिडकीत ठेवा. तिकडे सूर्य वर्षभर दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे त्यांचं बरोबर आहे. महाराष्ट्रात गणित वेगळं आहे. मुंबई-पुण्यात मेच्या मध्याला भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो (शून्य सावली दिवस म्हणतात तो हाच), तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारी तो किंचित उत्तरेला असतो, आणि डिसेंबरात चांगलाच दक्षिणेला उतरतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीत उन्हाळ्यात थेट ऊन जवळजवळ येतच नाही, वरच्या छज्जातच अडतं. थंडीत मात्र ते फरशीवर लांबवर पसरतं. थंडीतलं हे ऊन मऊ असतं, झाडाला चालतं. दक्षिणेची खिडकी तुमच्याकडे असेल तर ती चांगलीच जागा आहे, फक्त उन्हाळ्यात झाड काचेच्या अगदी जवळ सरकवा.

पूर्वेची खिडकी सगळ्यात उत्तम. सकाळचे दोन-तीन तास कोवळं ऊन आणि नंतर दिवसभर उजेड. बेंजामिनासाठी याहून चांगली जागा मी सुचवू शकत नाही. पश्चिमेची खिडकी फसवी. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत ठीक, पण एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तीननंतरचं ऊन काचेतून येऊन पानं भाजतं. विदर्भ-मराठवाड्यात तर नक्कीच. तिथे पातळ पांढरा पडदा लावा किंवा झाड खिडकीपासून चार-पाच फूट आत ठेवा. उत्तरेच्या खिडकीसमोर मोकळं आकाश असेल तर रबर प्लांट आनंदाने राहतं. बेंजामिनाही जगतं, पण वाढ बेताची.

शहरात दिशेइतकंच महत्त्व खिडकीसमोर काय आहे याला. समोरची इमारत पंधरा फुटांवर असेल आणि तुम्ही पहिल्या मजल्यावर असाल, तर पूर्व-पश्चिम सगळं सारखंच. मच्छरजाळी, स्लायडिंगच्या काचेवरची काळी फिल्म, ग्रिलवर वाळत घातलेले कपडे, हे सगळे उजेड खातात. आणि आपले डोळे अंधाराला इतके सरावतात की खोलीत खरा उजेड किती आहे ते कळत नाही. त्यापेक्षा फोनवर लक्स (उजेड मोजायचं एकक) मोजणारं एखादं मोफत अॅप घ्या. दुपारी बाराच्या सुमारास, झाड जिथे ठेवायचं तिथे फोन धरून, अॅप ज्या सेन्सरने उजेड मोजतं ती फोनची बाजू (बहुतेक वेळा स्क्रीनचीच) खिडकीकडे करा. अॅपचा आकडा अगदी अचूक नसतो, पण अंदाज येतो. २००० लक्सच्या पुढे आकडा आला तर बेंजामिना खूश. १००० च्या आसपास असेल तर रबर घ्या. ५०० च्या खाली असेल तर तिथे फायकस नको. मनी प्लांट किंवा स्नेक प्लांट ठेवा आणि सुखी राहा. अगदीच हौस असेल तर झाडाच्या टोकापासून फूट-दीड फुटावर पांढरा एलईडी दिवा दिवसाचे दहा-बारा तास लावून ठेवता येतो.

जागा निवडताना आणखी एक गोष्ट बघा: वारा. एसीचा थेट झोत, कूलरचं तोंड, सतत उघडझाप होणारं मुख्य दार. बेंजामिना एसीखाली ठेवलं की त्या बाजूची पानं गळणार म्हणजे गळणार. छताचा पंखा चालतो. थंडीचाही विचार हवा. निफाड, नाशिक, विदर्भाच्या काही भागांत रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो. फायकसला १३-१४ अंशांखालची थंडी सोसत नाही, त्यामुळे तिथे डिसेंबर-जानेवारीत गॅलरीतलं झाड आत घ्यावं लागतं. मुंबई-कोकणात हा प्रश्नच नाही.

झाड निवडणं आणि आणणं

शक्य असेल तर पावसाळ्यात किंवा फेब्रुवारीत खरेदी करा. एप्रिल-मेमध्ये झाड आधीच ताणात असतं आणि वरून प्रवास.

आपल्या नर्सऱ्यांतली बरीच झाडं बाहेरून येतात. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ कडियम नावाचं गाव आहे, तिथल्या नर्सऱ्यांतून देशभर ट्रक भरून झाडं जातात. पुण्याच्या बाजूला उरुळी कांचनचा पट्टाही रोपवाटिकांसाठी प्रसिद्ध आहे. झाड ट्रकमधून कालच उतरलेलं असेल तर त्याला एक धक्का नुकताच बसलेला असतो. तुम्ही घरी नेलंत की दुसरा बसणार. म्हणून नर्सरीवाल्याला सरळ विचारा: हे झाड तुमच्याकडे कधीपासून आहे, आणि उन्हात होतं की शेडनेटखाली? महिनाभर नेटखाली राहिलेलं झाड घ्या. उन्हात वाढलेली पानं जाड आणि लहान असतात. कमी उजेडात ती झाडाला पोसत नाहीत, नुसती खातात. म्हणून झाड ती टाकून देतं आणि सावलीला चालतील अशी पातळ पानं काढतं. नेटखालच्या झाडाचं हे काम निम्मं आधीच झालेलं असतं.

मग पानं उलटी करून बघा. मागच्या बाजूला तपकिरी खवले, कापसासारखे पांढरे पुंजके, चिकटपणा किंवा बारीक जाळी दिसली तर पुढचं झाड पाहा. शेंड्याला नवी कोंब असावी. वेणी घातलेल्या खोडाचं बेंजामिना घेत असाल तर खोडांमध्ये बांधलेली सुतळी किंवा प्लास्टिकची पट्टी आत रुतत चाललेली नाही ना, ते तपासा. अशी पट्टी पुढे खोड आवळते. ती दिसली तर घरी आल्यावर कात्रीने कापून टाका.

दुचाकीवरून नेत असाल तर झाडावर जुनी चादर गुंडाळा. चाळीसच्या वेगातला वारा अर्ध्या तासात पानांची जी दशा करतो, ती भरून यायला महिने लागतात.

पहिला महिना: काहीही करू नका

घरी आल्यावर झाड ठरलेल्या जागी ठेवा. माती कोरडी असेल तर एकदा भरपूर पाणी द्या. बाकी इतर कुंड्या दोन-तीन आठवडे त्याच्यापासून लांब ठेवा, म्हणजे कीड आली असेल तर पसरणार नाही. कुंडी बदलू नका, खत देऊ नका, छाटू नका. पानं गळतील, ती गोळा करा आणि टाका. चौथा-पाचवा आठवडा उजाडेपर्यंत फांद्यांच्या टोकांना टोकदार कोंब दिसू लागतात, आणि तिथून पुढे झाड तुमचं.

रबर प्लांटला नवं पान येताना त्याभोवती गुलाबी-लाल आवरण असतं. पान उलगडलं की ते वाळून गळून पडतं. ते रोग नाही, पान येतंय याची खूण आहे.

पाणी

'आठवड्यातून दोनदा' असलं वेळापत्रक विसरा. नागपुरात मे महिन्यात जे झाड तिसऱ्या दिवशी पाणी मागतं, तेच दादरमध्ये जुलैत दहा-बारा दिवस मागत नाही. बोट मातीत दोन इंच खुपसा. ओलावा लागला तर परत जा. कोरडं लागलं तर पाणी द्या. मोठ्या कुंडीत बोट पुरत नाही, तिथे अगरबत्तीची काडी किंवा बांबूची काडी खोल खुपसून दहा मिनिटांनी काढा. काडीला ओली माती चिकटली तर थांबा. कुंडी लहान असेल तर ती उचलूनही कळतं.

पाणी द्याल तेव्हा मात्र भरभरून द्या, तळाच्या छिद्रातून वाहून येईपर्यंत. रोज अर्धा पेला घालण्याची सवय वाईट. त्याने वरची माती ओली राहते आणि खालची मुळं कोरडी. ताटलीत जमलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. छिद्र नसलेल्या शोभेच्या कुंडीत झाड थेट लावू नका. नर्सरीची प्लास्टिकची कुंडी तिच्या आत ठेवा आणि पाणी देताना बाहेर काढा.

पाण्याच्या प्रतीबद्दल. नगरपालिकेचं साधं पाणी चालतं. बोअरवेल किंवा टँकरचं जड पाणी असेल तर काही महिन्यांनी मातीवर आणि कुंडीच्या कडांवर पांढरा थर दिसतो आणि पानांची टोकं तपकिरी होतात. अशा वेळी दोन महिन्यांतून एकदा कुंडी बाथरूममध्ये नेऊन तिच्यातून दोन-तीन बादल्या पाणी सावकाश वाहू द्या, क्षार धुऊन जातात. पावसाळ्यात गच्चीवर बादली ठेवलीत तर फुकटचं उत्तम पाणी मिळतं. आरओ यंत्रातून जे पाणी वाया जातं ते झाडांना घालायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. भावना चांगली, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. फरशी पुसा त्याने, कुंडीत नको.

पानांवर फवारे मारण्याने फार काही साधत नाही, दहा मिनिटांत हवा पुन्हा होती तशी. त्यापेक्षा महिन्यातून एकदा ओल्या सुती फडक्याने पानं पुसा. शहरातल्या धुळीचा थर उजेड अडवतो. दूध, खोबरेल तेल, चकाकी आणणारे स्प्रे, यातलं काही लावू नका. पानांना श्वास घ्यायचा असतो आणि तेलावर धूळ आणखी बसते.

माती आणि कुंडी

नर्सरीतून आलेल्या झाडाच्या मुळांभोवती बहुतेक वेळा चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. ट्रकच्या प्रवासात मुळं सुटू नयेत म्हणून तो बरा, घरी मात्र त्रासाचा. गोळ्याबाहेर भुसभुशीत माती आणि आत वीट, अशी स्थिती झाली की घातलेलं पाणी गोळ्याच्या बाजूने निघून जातं, मुळांपर्यंत पोचतच नाही. वरून माती ओली दिसते आणि झाड तहानेने सुकतं. यावर उपाय करायची वेळ पावसाळ्याची सुरुवात, जून किंवा जुलै. झाड घरात रुळलेलं हवं.

आदल्या दिवशी पाणी द्या. झाड काढून मुळांचा गोळा पाण्याच्या टबात तासभर भिजवा. मग बाहेरची साधारण एक तृतीयांश चिकणमाती बोटांनी हळूच मोकळी करा. सगळी काढायचा हट्ट नको, बारीक मुळं तुटतात. गोल गोल फिरलेली मुळं कात्रीने कापा. आधीपेक्षा फक्त दोन इंच मोठी कुंडी घ्या. खूप मोठ्या कुंडीत माती दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळं कुजतात.

मिश्रणाचं माझं प्रमाण असं: दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक भाग निचऱ्यासाठी. निचऱ्यासाठी परलाइट (पांढरे, हलके खडे) मिळालं तर उत्तम, नाही तर विटांचा बारीक चुरा किंवा भाताचा तूस. वर एक मूठ निंबोळी पेंड. काळी माती कुंडीत नको. शेतात ती सोनं असेल, पण कुंडीत ओली असताना चिखल आणि कोरडी झाली की भेगा. ताजं शेण तर मुळीच नको, मुळं जळतात आणि घरभर चिलटं होतात.

मातीची कुंडी लवकर सुकते, म्हणून पाणी जास्त घालणाऱ्यांनी तीच घ्यावी. पाणी विसरणाऱ्यांनी प्लास्टिकची.

खताचं थोडक्यात: मार्च ते ऑक्टोबर, महिन्यातून एकदा, १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत एका लिटरला एक ग्रॅम. किंवा दोन महिन्यांनी दोन मुठी गांडूळखत. थंडीत बंद. आजारी झाडाला कधीच नाही.

पानं गळतायत, आता काय?

गळालेलं पान हातात घेऊन बघा, बरंचसं उत्तर त्यातच असतं.

पान हिरवं आहे आणि झाडाची जागा नुकतीच बदलली आहे, किंवा घरात एसी सुरू झाला आहे: धक्का. वाट पाहा. दिवाळीच्या साफसफाईत किंवा रंगकामात झाड आठवडाभर दुसऱ्या खोलीत गेलं की नोव्हेंबरात हमखास असे फोन येतात. रंगकाम असेल तर झाड जागीच राहू द्या, वरून चादर घाला आणि रात्री काढा.

पान पिवळं होऊन गळतंय आणि माती ओली आहे: पाणी जास्त. पाणी थांबवा. मातीला आंबूस वास येत असेल तर झाड काढून मुळं बघा. निरोगी मूळ टणक आणि फिकट रंगाचं असतं, कुजलेलं काळं, मऊ आणि बोटात सोलून येणारं. कुजलेली कापून टाका आणि कोरड्या, ताज्या मिश्रणात लावा.

पान कडांपासून तपकिरी, कुरकुरीत: पाणी कमी, किंवा क्षार, किंवा वर सांगितलेला तो चिकणमातीचा गोळा. कुंडी टबात अर्धा तास बुडवून ठेवा.

आतल्या, खोडाजवळच्या फांद्यांची पानं पिवळी पडून जातायत आणि बाहेरची ठीक आहेत: उजेड कमी. पावसाळ्यात जुलै-ऑगस्टला ढग आठवडेच्या आठवडे हटत नाहीत, तेव्हा हे होतंच. अशा वेळी पाणीही कमी करा, कारण कमी उजेडात झाड पाणी कमी पितं. पावसाळ्यात घरातली झाडं मरतात ती बहुधा याच हिशेबाच्या चुकीने.

फिडल लीफच्या कोवळ्या पानांवर लालसर-तपकिरी बारीक ठिपके दिसले तर पाणी कधी खूप, कधी नाही असं होतंय. नियमित केलंत की पुढची पानं स्वच्छ येतात.

झाड पूर्ण बोडकं झालं तरी लगेच फेकू नका. फांदीची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. उजेड द्या, पाणी बेताचं ठेवा आणि दोन महिने द्या.

किडी

पिठ्या ढेकूण, म्हणजे सगळे ज्याला मिलीबग म्हणतात तो, पानांच्या बेचक्यात कापसासारखा बसतो. खवले कीड खोडावर तपकिरी टिकल्यांसारखी चिकटते, बरेच जण ती सालीचाच भाग समजतात. नखाने निघाली तर कीड. दोन्ही असतील तर पानं आणि खालची फरशी चिकट होते, मग मुंग्या येतात. थोड्या असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. जास्त असतील तर एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा भांड्यांचा पातळ साबण नीट मिसळून, संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा. आठवड्याच्या अंतराने तीन वेळा. एकदा फवारून सोडून देणं व्यर्थ आहे, अंड्यांतून पुढची पिढी येते.

कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी येतो. पानं निस्तेज, बारीक ठिपके, खाली जाळी. झाडाला शॉवरखाली धुऊन काढा, निम्मं काम तिथेच होतं.

बेंजामिना आणि नांदरुकावर आणखी एक खास पाहुणा असतो, फुलकिडे. पान मधून दुमडून शेंगेसारखं बंद होतं आणि त्यावर लालसर डाग पडतात. उघडून बघा, आत बारीक काळे किडे आणि पिवळसर पिल्लं दिसतील. दुमडलेल्या पानाच्या आत फवारा पोचतच नाही. ती पानं खुडून पिशवीत घालून तोंड बांधून टाका. गॅलरीच्या कुंडीत सोडाल तर संध्याकाळपर्यंत परत झाडावर.

छाटणी, चीक आणि गुटी

फायकस कापलं की पांढरा चीक येतो. त्वचेला लागला तर काहींना खाज आणि पुरळ येतं. ज्यांना रबरी हातमोज्यांची अॅलर्जी आहे त्यांनी विशेष जपावं. अशांनी प्लास्टिकचे किंवा नायट्राइलचे हातमोजे घालावेत. डोळ्यांना हात लावू नका. फरशीवर वर्तमानपत्र पसरा, चिकाचे डाग निघत नाहीत. मांजर, कुत्रा किंवा रांगतं मूल घरात असेल तर झाड त्यांच्या तोंडापासून दूर हवं, पान चघळलं तर तोंडाची आग आणि उलट्या होऊ शकतात.

छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा पावसाच्या तोंडावर करा. पानाच्या बेचक्याच्या किंचित वर कापा. तिथून एक किंवा दोन नव्या फांद्या फुटतात. एकसुरी काठीसारखं उंच गेलेलं रबर असंच भरगच्च होतं. कापलेल्या जागी थंड पाणी लावलं की चीक थांबतो.

वर गेलेला शेंडा वाया घालवायचा नसेल तर जुलैत गुटी कलम करा, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटवा. पेन्सिलीएवढ्या किंवा थोड्या जाड फांदीवर, शेंड्यापासून फूट-दीड फूट खाली, सालीची इंचभर रुंद कडी धारदार सुरीने गोल काढा. आतला पांढरा भाग पुसून कोरडा करा. काढलेल्या कडीच्या वरच्या काठाला मुळं फुटवणारी पावडर लावा, नसेल तरी चालतं. भिजवून घट्ट पिळलेलं मॉस (नर्सरीत मिळणारं वाळकं शेवाळ) त्याभोवती मूठभर गुंडाळा, वर पारदर्शक प्लास्टिक, आणि दोन्ही टोकं सुतळीने आवळून बांधा. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागतात. ती तपकिरी होऊ लागली की खालून कापा, प्लास्टिक काढा, मॉस तसंच ठेवून कुंडीत लावा. हे जमलं की भेट द्यायला झाडांची कमतरता राहत नाही.

गावाला जाताना

गणपतीला आठवडाभर कोकणात जाताय तर निघायच्या दिवशी भरपूर पाणी द्या आणि खिडकीचा पडदा अर्धा ओढा. पावसाळ्याची हवा आहे, झाडाला कळणारही नाही. मे महिन्यातली पंधरा दिवसांची सुट्टी वेगळी. त्या वेळी कुंडीशेजारी उंचावर पाण्याची बादली ठेवा, जाड सुती दोरी भिजवून तिचं एक टोक बादलीच्या तळाशी आणि दुसरं मातीत तीन इंच खोल पुरा. जायच्या आधी दोन दिवस चाचणी घ्या. बाथरूममध्ये सगळ्या कुंड्या नेऊन ठेवण्याचा सल्ला फायकसला लावू नका, अंधारात पंधरा दिवस म्हणजे परतल्यावर काटक्या.

हवा शुद्ध करतं का?

विकताना हमखास सांगतात. नासाच्या १९८९ च्या अभ्यासात बेंजामिना होतं हे खरं, पण ते प्रयोग छोट्या बंद पेट्यांत झाले होते. खिडक्या उघड्या असलेल्या घरात त्या परिणामासाठी चालायला जागा उरणार नाही इतकी झाडं लागतील. झाड आवडलं म्हणून ठेवा, एवढं पुरे आहे.

झाड फार मोठं झालं तर

दर दोन-तीन वर्षांनी, जूनमध्ये, झाड काढून मुळांचा बाहेरून पाव ते एक तृतीयांश भाग कापा, त्याच प्रमाणात वरच्या फांद्या छाटा आणि ताज्या मातीने त्याच कुंडीत लावा. याने झाड वर्षानुवर्षं छताखाली राहतं.

'सोसायटीच्या आवारात लावून टाकू' हा विचार मात्र आधी नीट करा. कंपाउंडच्या भिंतीलगत, पाण्याच्या टाकीजवळ किंवा ड्रेनेजच्या लाइनवर लावलेलं फायकस दहा-पंधरा वर्षांत फरशा उचलतं आणि पाइपांत शिरतं. तेव्हा ते सहज तोडताही येत नाही, कारण शहरी भागांतल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ पासून कायदा आहे आणि झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. कुणाचं शेत, शाळेचं मोठं मैदान, इमारतींपासून तीस-चाळीस फूट लांबची मोकळी जागा मिळत असेल तर जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर तिथे लावा. त्याआधी महिनाभर कुंडी गॅलरीत ठेवून झाडाला उन्हाची सवय करून द्या, नाहीतर पानं पुन्हा एकदा गळतील.